गेम उघडत नाही, अडखळतो, मध्येच बंद पडतो: विंडोज फॉरमॅट करण्याआधी काय काय बघायचं

माझ्या पीसीवर एक गेम दर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडायचा. एरर नाही, काही नाही. खेळता खेळता एकदम डेस्कटॉप समोर. मी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) नवा टाकला, मग परत जुना टाकला. सत्तर-ऐंशी जीबीचा गेम दोनदा काढून दोनदा उतरवला. शेवटी वैतागून विंडोजच नव्याने बसवली. नवव्या दिवशी कळलं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅमचा वेग वाढवणारी एक सेटिंग चालू होती आणि माझ्या रॅमला तो वेग झेपत नव्हता. ती बंद करायला दोन मिनिटं लागली. त्याच आठवड्यात ब्राउझरचे टॅबही अधूनमधून आपोआप कोसळत होते आणि एक-दोन झिप फाइली 'खराब आहे' म्हणून उघडत नव्हत्या. पुरावा डोळ्यांसमोर होता, पण मी गेमच्याच मागे हात धुऊन लागलो होतो.

तुमचे नऊ दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय. विंडोज १० किंवा ११ वर खेळणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावलाय की कमी वेळाचं आणि कमी जोखमीचं काम आधी येईल, बायोसमध्ये हात घालायची वेळ शेवटी येईल. एक नियम मात्र सगळीकडे पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग गेम चालवून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कळणार नाही; उद्या तो परत रुसला की तुम्ही पुन्हा शून्यावर.

हाताशी काय ठेवायचं

- वही किंवा फोनमधली नोट. काय बदललं, कधी बदललं आणि पुढे काय झालं, एवढंच त्यात लिहायचं.
- एररचा फोटो किंवा स्क्रीनशॉट. 'काहीतरी डीएलएल म्हणत होतं' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.
- तुमच्या मशीनची माहिती. विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत डी-एक्स-डी-आय-ए-जी ही सहा अक्षरं टाइप करून एंटर करा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची तारीख असं सगळं तिथे दिसतं आणि खालच्या बटणाने ते टेक्स्ट फाइलमध्ये सेव्हही होतं.
- एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम, तापमान बघायला.
- एक रिकामा पेन ड्राइव्ह. लागेलच असं नाही.

१. आधी सेव्ह फाइलींची कॉपी करा

गेम परत मिळतो, चाळीस तासांची प्रगती परत मिळत नाही. त्यामुळे बाकी कशालाही हात लावण्याआधी सेव्ह फोल्डर शोधा आणि दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

प्रत्येक गेम सेव्ह वेगळ्या जागी ठेवतो, पण नेहमीच्या जागा मोजक्याच आहेत: डॉक्युमेंट्समधलं 'माय गेम्स', यूझर फोल्डरमधलं 'सेव्ह्ड गेम्स' आणि ॲपडेटा नावाचं लपवलेलं फोल्डर. ॲपडेटामध्ये लोकल, लोकल-लो आणि रोमिंग असे तीन कप्पे असतात. युनिटी इंजिनवर बनलेले गेम बहुधा लोकल-लोमध्ये सापडतात, अनरियलवाले लोकलमध्ये. हे फोल्डर दिसत नसेल, तर विंडोज आणि आर दाबून दोन टक्के चिन्हांच्या मध्ये इंग्रजीत ॲपडेटा लिहा. थेट रोमिंग उघडेल, तिथून एक पायरी वर या. तरीही सापडलं नाही, तर पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं नाव टाका. बहुतेक गेमच्या पानावर सेव्ह आणि सेटिंग फाइली कुठे असतात ते दिलेलं असतं. माझ्या मते पीसीवर खेळणाऱ्याने जपून ठेवावी अशी ही पहिली साइट.

सापळा: 'क्लाउडवर सेव्ह आहे ना' असं म्हणून निर्धास्त राहू नका. क्लाउड आणि पीसी यांच्यातली सेव्ह जुळली नाही की स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) विचारतो, कुठली ठेवू? तिथे घाईत चुकीचं बटण दाबलं की रिकामी सेव्ह भरलेल्या सेव्हवर बसते. दोन्ही तारखा नीट वाचा.

२. तक्रार नेमकी काय आहे ते ओळखा

'गेम चालत नाही' या तीन शब्दांत किमान पाच वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

- गेम उघडतच नाही, किंवा उघडताना एरर येतो: पायरी ३ आणि ४.
- खेळताना गेम बंद पडतो, पण विंडोज ठीक असते: ४, ५ आणि ७.
- अख्खा पीसीच बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो: सरळ ७ वर जा. हे काम बहुधा गेमचं नसतं.
- चालतो, पण अडखळतो: ६.
- आवाज, कंट्रोलर, ऑनलाइनची कटकट: ८ आणि ९.

विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' नावाचा दुर्लक्षित पण फार कामाचा भाग आहे. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी शोधा. दिवसागणिक काय कोसळलं त्याचा तक्ता येतो, लाल फुल्यांसह. लाल फुल्या एकाच गेमच्या नावावर असतील तर गोष्ट त्या गेमची. ब्राउझर, गेम, आणखी चार प्रोग्राम असे सगळेच रांगेत दिसत असतील तर गडबड मशीनमध्ये आहे. मी हा तक्ता पहिल्या दिवशी उघडला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

३. गेम उघडतच नाही

सोप्यापासून सुरुवात. पीसी रीस्टार्ट करा. बंद करून चालू नाही, रीस्टार्ट. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपली काही अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि तीच परत उघडते. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं होतं.

मग फाइली तपासा. स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथे व्हेरिफाय. एपिक आणि गॉग या स्टीमसारख्याच दुकानांच्या लाँचरमध्येही मॅनेजखाली हीच सोय आहे. खराब फाइली तेवढ्या परत उतरतात, सगळा गेम नाही. दरवेळी एखादी फाइल 'जुळली नाही' असं येत असेल तर घाबरू नका, ती बहुधा तुमच्या सेटिंगची फाइल असते. पण दरवेळी वेगवेगळ्या आणि बऱ्याच फाइली खराब निघत असतील, तर डिस्क किंवा रॅम संशयित धरा. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल, टाकलेले असतील तर व्हेरिफाय केल्यावर बदललेल्या मूळ फाइली पूर्ववत होतात, हे आधीच लक्षात घ्या.

आता डीएलएलचे एरर. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी मदतनीस फाइल. 'एमएसव्हीसीपी१४० सापडत नाही' किंवा 'व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही' असं आलं, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हवं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते घ्या आणि ३२ बिट, ६४ बिट अशी दोन्ही बसवा. विंडोज ६४ बिट आहे म्हणून ३२ चं नको, असं नसतं. गेम ३२ बिटचा असू शकतो. शेवटी '७बी' असलेला लांबलचक कोड येतो, त्यामागेही बहुधा ३२ आणि ६४ ची अशीच सरमिसळ असते. जुन्या गेमला 'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी फाइल हवी असेल, तर मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम बसवावा लागतो. विंडोज ११ मध्ये नवीन डायरेक्टएक्स आहे, तरी या जुन्या फाइली त्यात आपोआप येत नाहीत.

सापळा, आणि हा मोठा आहे: सुट्या डीएलएल फाइली वाटणाऱ्या साइटवरून फाइल उतरवून सिस्टम फोल्डरमध्ये टाकू नका. ती कुठल्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात आणखी काय भरलंय, कुणी सांगावं! तीच गोष्ट 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' करणाऱ्या प्रोग्रामांची.

तरीही उघडत नसेल तर या तीन-चार जागा बघा. अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली आहे का? विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का? ते चालू असलं की गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. मग कुणी उघडतानाच गडगडतो, तर कुणी मजेत चालतो पण सेव्ह होत नाही. ती सोय बंद करू नका, गेमला तेवढी परवानगी द्या. डिस्कवर जागा आहे का? अपडेटच्या वेळी जुन्या-नव्या फाइली एकत्र असतात, त्यामुळे लागणारी जागा अपडेटच्या आकारापेक्षा बरीच जास्त असू शकते.

आणि एक आपल्याला जास्त लागू पडणारं: विंडोजचं यूझर फोल्डर देवनागरीत असेल, तर काही गेम त्या वाटेनेच अडतात. त्यांना रोमन सोडून दुसरी अक्षरं वाचता येत नाहीत. सेटिंगमध्ये नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. सोपा उपाय म्हणजे रोमन अक्षरांत नाव असलेलं नवं लोकल अकाउंट काढायचं आणि तिथून गेम चालवून बघायचा. चालला तर आजार सापडला.

४. गेमची सेटिंग आणि आगंतुक पाहुणे

एखादी सेटिंग बदलल्यावर गेम काळा पडला आणि आता मेनूही दिसत नाही? सेटिंगची फाइल शोधा (पायरी १ मधल्याच जागा), तिचं नाव बदला आणि गेम उघडा. तो कोऱ्या सेटिंगची नवी फाइल बनवतो. डिलीट करू नका, नाव बदला. परत लागली तर हाताशी राहते.

खिडकी पडद्याबाहेर उघडत असेल तर विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून ती दुसऱ्या मॉनिटरवरून ओढून आणता येते. पडदा गोठला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून बघा: ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि कधी कधी गेम परत जिवंत होतो.

मग पाहुणे. डिस्कॉर्ड, स्टीम, एक्सबॉक्स गेम बार, ग्राफिक्स कार्डचं ॲप, रिवाट्यूनर: हे सगळे गेमच्या चित्रावर आपलं चित्र, म्हणजे ओव्हरले, काढतात. एक असेल तर बहुधा चालतं. तीन-चार एकत्र आले की भांडतात. सगळे ओव्हरले बंद करून एकदा गेम चालवा.

मॉड असतील तर सगळे काढून बघा. गेम चालला तर अर्धे परत टाका. बिघडला तर दोषी या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. ६४ मॉडमधला दोषी अशा सहा फेऱ्यांत सापडतो. एकेक करून काढत बसलात तर रात्र जाते.

५. ग्राफिक्स ड्रायव्हर

क्रॅशच्या बाबतीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते ड्रायव्हरबद्दल, आणि त्यातला निम्मा सल्ला डोळे मिटून दिलेला असतो. 'लेटेस्ट टाक' हे नेहमी बरोबर नसतं. गेम नवा असेल तर नवा ड्रायव्हर टाका, कारण त्या गेमसाठीच्या दुरुस्त्या त्यात असतात. गेम जुना असेल, काल चालत होता आणि मध्ये फक्त ड्रायव्हर बदलला असेल, तर मागचा ड्रायव्हर परत टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजखाली 'रोल बॅक' असतं. ड्रायव्हर घ्यायचा तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्याच साइटवरून.

नव्याने टाकूनही फरक पडला नाही, तर पूर्ण सफाई. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हा त्यासाठीचा फुकट प्रोग्राम. क्रम महत्त्वाचा:

- नवा ड्रायव्हर आणि डीडीयू दोन्ही आधीच उतरवून ठेवा.
- इंटरनेट तोडा. नाही तर सफाई होताच विंडोज अपडेट आपल्या मनाने एक ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.
- सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवा, रीस्टार्ट करा.
- उतरवून ठेवलेला ड्रायव्हर बसवा, मगच इंटरनेट जोडा.

सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही आणि अकाउंटचा पासवर्ड मागितला जातो. तो आठवतोय ना, हे आधी बघा. मला एकदा तिथे पाऊण तास बसावं लागलं होतं.

ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या वेळी गेम जास्त अडखळला तर लगेच 'हा ड्रायव्हर वाईट' म्हणू नका. शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, नव्याने बनत असतात. अर्धा तास खेळा, मग ठरवा.

६. चालतो, पण अडखळतो

इथे थोडं थांबून समजून घेतलं पाहिजे, कारण 'लॅग' या एका शब्दात आपण सगळं कोंबतो.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर पीसीला प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर सुमारे ६.९. सरासरी ६० दिसत असली आणि मध्येच एखाद्या फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले, तर डोळ्याला झटका बसतो. म्हणून आकड्यापेक्षा झटका कधी येतो ते बघा.

नव्या जागी गेल्यावर, नवा स्फोट किंवा नवा शत्रू पहिल्यांदा दिसल्यावर झटका येतो, पण दुसऱ्यांदा येत नाही: शेडर बनत आहेत. गेम सुरुवातीला 'शेडर तयार करत आहे' म्हणाला तर ते पूर्ण होऊ द्या, वगळू नका.

वीस-तीस मिनिटं छान आणि मग घसरगुंडी: तापमान, किंवा भरत चाललेली मेमरी. पुढची पायरी बघा.

कॅमेरा वेगाने फिरवला की झटके: बऱ्याचदा व्हीआरएएम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, भरलेली असते. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी उतरवा. ते मेमरीत मावतात तोवर टेक्स्चर फ्रेम फारशा खात नाहीत. मावेनासे झाले की मात्र सगळं कोलमडतं.

सतत आणि सगळीकडे फ्रेम कमी: टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय. रेझोल्यूशन, सावल्या, रे ट्रेसिंग कमी करा. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर सावल्या कमी करून काही होणार नाही, कारण अडथळा प्रोसेसरचा आहे, किंवा कुठेतरी फ्रेमची मर्यादा घातलेली आहे. 'पण प्रोसेसर तर ३० टक्केच दिसतोय!' आठ कोअरपैकी दोन घाम गाळत असतील आणि सहा आराम करत असतील, तरी एकूण आकडा ३० च्या आसपासच दिसतो. गर्दी, पात्रांची संख्या, दूरवरचं दिसणं या सेटिंग प्रोसेसरवर येतात, त्या उतरवा.

आता असे चार घोटाळे, जे मी वारंवार पाहिलेत आणि ज्यांच्यासाठी लोक नवं कार्ड घ्यायला निघतात:

- मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला जोडलेली. हसू नका, नवा पीसी जुळवलेल्यांमध्ये हे फार होतं. पीसीच्या मागे बघा. कार्डाची पोर्ट खालच्या बाजूला, आडव्या पट्टीत असतात.
- लॅपटॉपवर गेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतोय. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे गेम निवडून 'हाय परफॉर्मन्स' करा. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर लॅपटॉप कार्डाची वीज कमी करतो.
- १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालतोय. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड भागात रिफ्रेश रेट बदला.
- मागे काहीतरी चालू आहे: व्हिडिओ रेकॉर्डिंग, क्लाउड सिंक, तीस टॅबचा ब्राउझर.

एक उलटा किस्सा जुन्या गेमचा. काही जुन्या गेममध्ये वस्तूंची हालचाल फ्रेमच्या गतीला बांधलेली असते. २०११ च्या मूळ स्कायरिममध्ये ६० च्या वर फ्रेम गेल्या की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात. तिथे दोष पीसी जास्त वेगवान असल्याचा! फ्रेम ६० ला बांधा, भांडी जागेवर बसतात.

७. तापमान, वीज, रॅम

पीसी एकदम बंद होऊन रीस्टार्ट झाला, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. लोक हे बघून म्हणतात, सापडलं कारण! ते कारण नाही. विंडोज नीट बंद झाली नाही, एवढंच ते सांगतं. का, ते सांगत नाही. फक्त जड गेममध्ये असं होत असेल तर पॉवर सप्लाय, कार्डाची सैल केबल आणि तापमान यांवर संशय घ्या.

एचडब्ल्यूइन्फो सेन्सर दाखवण्याच्या मोडमध्ये चालू ठेवून अर्धा तास खेळा आणि कमाल आकड्याचा रकाना बघा. कार्ड ऐंशी अंशांच्या आगेमागे असणं बहुतेकदा ठीक. प्रोसेसर ९५-१०० ला टेकून वेग कमी करत असेल तर धूळ साफ करा, पंखे फिरतात का बघा. पंखा साफ करताना त्याचं पातं बोटाने धरा, हवेच्या झोताने त्याला गरगर फिरू देऊ नका.

आता माझा जुना मित्र, रॅम. ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बसवल्या बसवल्या २१३३ किंवा २४०० सारख्या कमी वेगाने चालते. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावरच पूर्ण वेग मिळतो. एएमडीच्या डीडीआर५ मशीनवर त्यालाच एक्स्पो म्हणतात. त्यामुळे ती बंद असेल तर तुम्ही वेग गमावताय, आणि चालू असून झेपत नसेल तर क्रॅश. परीक्षा सोपी: ती बंद करा आणि दोन दिवस खेळा. क्रॅश थांबले तर उत्तर मिळालं. खात्री हवी असेल तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती जास्तच. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका.

कुणीतरी 'वेग वाढतो' म्हणून सांगितल्यावर पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची जागा) बंद केली असेल तर ती परत चालू करून विंडोजवर सोपवा. ती बंद असली की १६ जीबी रॅमवर मोठे गेम पडू शकतात.

आणखी एक, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांसाठी. अनरियल इंजिनवरचे गेम शेडर बनवताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असं म्हणत पडत असतील आणि कार्डाची मेमरी मात्र रिकामी दिसत असेल, तर कार्डाला दोष देऊ नका. या पिढ्यांतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या. त्या बायोस अपडेटमधून येतात. झालेली इजा मात्र अपडेटने भरून निघत नाही. अशा प्रोसेसरची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे, तिचा उपयोग करा.

सापळा: बायोस अपडेट करण्याआधी किंवा तिथली सुरक्षेची सेटिंग बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. लॅपटॉपवर डिस्क आधीच एन्क्रिप्ट केलेली असू शकते आणि तुम्हाला ते माहीतही नसतं. बदल केल्यावर निळा पडदा ४८ आकडी की मागतो, तेव्हा ती त्याच बंद डिस्कमध्ये असून उपयोग नाही.

८. आवाज आणि कंट्रोलर

आवाज गेला असेल तर दहातल्या आठ वेळा तो दुसरीकडे गेलेला असतो. मॉनिटर किंवा कंट्रोलर जोडला की विंडोज त्यालाच स्पीकर समजते. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून योग्य उपकरण निवडा आणि गेम परत उघडा, कारण बरेच गेम सुरू होतानाच काय ते ठरवतात.

कंट्रोलरचं एक बटण दोनदा दाबल्यासारखं होत असेल तर गेम आणि स्टीम इनपुट (स्टीमची कंट्रोलर सांभाळायची सोय) दोघंही एकच बटण वाचतायत. त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलरखाली स्टीम इनपुट बंद करा. गेमला कंट्रोलर दिसतच नसेल तर उलट करा, चालू करा.

९. ऑनलाइन आणि अँटी-चीट

स्पीड टेस्ट छान येते, तरी गेम उड्या मारतो? गेमला फार वेग लागतच नाही. त्याला लागतो कमी आणि स्थिर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. वायफायऐवजी केबल लावून बघा, आणि घरात त्याच वेळी कुणी मोठी फाइल चढवत नाही ना तेही. लॉगिनच होत नसेल तर पीसीचं घड्याळ बघा. वेळ चुकलेली असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

अँटी-चीटची, म्हणजे लबाडी करणारे पकडायला गेमबरोबर येणाऱ्या प्रोग्रामची, तऱ्हा वेगळी. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्राम चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. चालू आहे का ते सिस्टम इन्फर्मेशनमध्ये दिसतं. तिथेच 'बायोस मोड'पुढे लेगसी लिहिलं असेल तर थांबा. अशा मशीनवर थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदलला तर विंडोज उघडणारच नाही. आधी डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीतून जीपीटी या नव्या पद्धतीत न्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचं त्यासाठीचं साधन विंडोजमध्येच आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

१०. तरीही सुटलं नाही तर

नुकताच स्टीमवर घेतलेला गेम असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. गेमचा स्वतःचा लाँचर उघडा ठेवून तुम्ही उपाय शोधत बसलात तर तो वेळही खेळण्यातच मोजला जातो. तासाभरात गेम मार्गी लागला नाही तर आधी परतावा घ्या. दुरुस्ती आल्यावर परत विकत घेता येतो.

मदत मागायची असेल तर अशी मागा:

'विंडोज ११, १६ जीबी रॅम, अमुक कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती अमुक. गेम सुरू होतो, दुसऱ्या प्रकरणात नदी ओलांडताना दरवेळी डेस्कटॉपवर येतो. एररचा फोटो आणि लॉग जोडलाय. व्हेरिफाय केलं, ओव्हरले बंद केले, मॉड नाहीत, मागचा ड्रायव्हर टाकून बघितला, एक्सएमपी बंद आहे. गेल्या मंगळवारच्या अपडेटपर्यंत ठीक होतं.'

लॉग, म्हणजे गेमने काय काय केलं त्याची नोंद, बहुधा सेव्हच्याच आसपास असतो. युनिटीच्या गेममध्ये 'प्लेयर' नावाची लॉग फाइल, अनरियलच्या गेममध्ये 'सेव्ह्ड'च्या आतलं 'लॉग्ज' फोल्डर. पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. फोल्डरच्या पत्त्यात तुमचं पूर्ण नाव असू शकतं, ते पुसा. आणि उपाय सापडला तर जिथे प्रश्न विचारला होता तिथेच तो लिहून ठेवा. 'झालं ठीक, धन्यवाद' एवढंच लिहून गायब झालेल्या माणसांना मी त्या नऊ दिवसांत बऱ्याच शिव्या घातल्या आहेत.